राहेलचा विलाप आणि सांत्वनाचा नकार

ख्रिस्ती धर्मग्रंथातील शोकाचा विचार बहुधा सांत्वनाच्या बाजूने केला जातो. शोक ही पायरी आणि सांत्वन हे साध्य, असे त्यात गृहीत धरलेले असते. सांत्वन नाकारणाऱ्या व्यक्तीही या ग्रंथात आहेत आणि त्यांचा नकार तेथे दोषास्पद मानलेला नाही, याकडे मात्र फारसे लक्ष गेलेले दिसत नाही.

उत्पत्तीच्या ३७व्या अध्यायात योसेफाचा रक्ताने माखलेला झगा पाहून याकोब शोकाकुल होतो. मुलेमुली समजूत घालू लागतात. तो ती घालू देत नाही. येथील उपरोध दारुण आहे. समजूत घालणाऱ्यांत योसेफाला नाहीसे करणारे भाऊच आहेत.

यिर्मयाच्या ३१व्या अध्यायात असाच नकार योसेफाच्या आईच्या, राहेलच्या, ठिकाणी दिसतो. मूळ हिब्रूत नाकारणे आणि सांत्वन पावणे या अर्थांचे धातू दोन्ही स्थळी तेच आहेत. राहेल प्रवासात प्रसूत होताना कधीच मरण पावलेली. तिचे रुदन आता रामा येथे ऐकू येते. बाबेलकडे न्यावयाचे बंदिवान याच रामा गावी साखळदंडांत ठेवले होते, असे त्याच पुस्तकाचा ४०वा अध्याय सांगतो. यिर्मया मात्र विलापापाशी थांबत नाही. लगेच पुढच्या वचनात देव राहेलला अश्रू आवरावयास सांगतो, कारण तिची मुले शत्रूच्या देशातून परतणार आहेत.

मत्तयाने आपल्या शुभवर्तमानाच्या दुसऱ्या अध्यायात बेथलेहेमातील बालहत्येच्या प्रसंगी विलापाचे वचन घेतले आणि सांत्वनाचे वचन सोडून दिले. एक वचन उद्धृत केले की सारा संदर्भ सूचित होतो, असा आक्षेप यावर घेता येईल, आणि तो क्षुल्लक नाही. परंतु बंदिवासात गेलेली मुले परत येऊ शकतात, मारली गेलेली येत नाहीत; यिर्मयाचे आश्वासन या मातांना जसेच्या तसे देता येण्याजोगे नव्हते. मत्तयाची शब्दयोजनाही बोलकी आहे. एरवी भविष्यवचन पूर्ण व्हावे म्हणून घटना घडल्या, अशा हेतुदर्शक रचना तो वापरतो. येथे, आणि पुढे यहूदाच्या विश्वासघाताच्या पैशासंबंधी, तो केवळ ‘तेव्हा’ पूर्ण झाले असे म्हणतो. हत्येमागे ईश्वरी हेतू होता, असे सुचविण्याचे त्याने कटाक्षाने टाळले असावे.

मराठीत सांत्वनाला ‘समजूत घालणे’ म्हणतात. शोक हा जणू आकलनातील उणेपणाच. राहेलला सारे समजलेले आहे. मुले उरलेली नाहीत, हे तिचे कारण मत्तय खोडून काढीत नाही. त्यानंतरच्या वचनांत हेरोद मरतो आणि मिसर देशातून एकच बालक परत येते.