वजन बोलते, प्रकाश लपवतो

जानेवारीअखेर रात्री साडेनऊच्या सुमारास जामनेरच्या आकाशात दक्षिणेकडे पाहा. मृग नक्षत्राच्या खाली शशक हा लहानसा तारकासमूह दिसेल. त्यात ग्लीझ २२९ हा लाल बटू तारा आहे. तो अवघा १९ प्रकाशवर्षे दूर आहे. पण सूर्याहून लहान, थंड व मंद असल्याने नुसत्या डोळ्यांना दिसत नाही.

१९९५ साली या ताऱ्याजवळ एक अतिशय अंधूक सोबती सापडला. शोधकांमध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील कुरुंदवाड येथे जन्मलेले श्रीनिवास कुलकर्णी होते. सोबत्याच्या वर्णपटात मिथेन वायूच्या खुणा आढळल्या. खऱ्या ताऱ्याच्या उष्णतेत मिथेन टिकत नाही. म्हणून हा ‘तपकिरी बटू’ ठरला. अशा गोलात हायड्रोजनचे ज्वलन चालू राहण्याइतके वस्तुमान नसते. तो जन्मल्यापासून हळूहळू निवत जातो.

त्याचे वस्तुमान कसे मोजावे? फुगडी आठवा. जड मुलगी लहान वर्तुळात फिरते, हलकी मोठ्या. अंधारात फक्त जड मुलीच्या हाती दिवा असला, तरी तिच्या डोलण्यावरून दुसरीचे वजन काढता येईल. ग्लीझ २२९ च्या सूक्ष्म डोलण्यावरून सोबत्याचे वस्तुमान सुमारे ७१ गुरूंइतके निघाले.

येथे हिशेब अडला! एवढा जड बटू पुष्कळ अधिक तेजस्वी हवा होता. मग मोजमाप चुकले, की बटूंविषयीचा सिद्धांत?

दोन्ही बरोबर होते. चिलीमधील चार दुर्बिणींचा प्रकाश एकत्र आणून घेतलेली निरीक्षणे २०२४ साली प्रसिद्ध झाली. त्यांतून कळले, की तो एक गोल नसून दोन आहेत : एक सुमारे ३८, दुसरा ३४ गुरूंइतका. ते १२ दिवसांत एकमेकांभोवती फेरी घेतात. वस्तुमान निम्मे केले, की बटूचे तेज निम्म्याहून बरेच कमी होते. म्हणून दोघांचे मिळून वजन भरले, पण उजेड भरला नाही.

न जुळणारा आकडा खोडून टाकला असता, तर तिसरा गोल लपलेलाच राहिला असता. प्रयोगवहीत असा आकडा आला, तर तो खोडू नका, पुन्हा मोजा.

आता गणित करा. या दोन बटूंमधील अंतर पृथ्वी–चंद्र अंतराच्या सुमारे १६ पट आहे. फुगडीचा नियम लावून त्यांचा समाईक मध्य प्रत्येकापासून किती दूर असेल, ते काढा.