जितका लांबचा प्रवास, तितकं लहान गाव: मिहानहून वेंगुर्ल्याला

नागपूर देशाच्या मध्यावर, त्यामुळे तिथल्या मिहान या उद्योगक्षेत्रात नोकरी करणाऱ्या भटक्याला समुद्र कुठूनही लांबच पडतो. शनिवार-रविवारची हौस रामटेक, ताडोबा किंवा फार तर चिखलदऱ्यावर भागते. समुद्रासाठी मात्र जोडून आलेल्या चार-पाच सुट्ट्यांची वाट पाहावी लागते, आणि त्या मिळाल्या की बेत ठरतो: एवढ्या लांब चाललोच आहोत तर गणपतीपुळे, मालवण, तारकर्ली, गोवा सगळंच उरकून येऊ. हा हिशेब उलटा आहे. जाण्यायेण्यात दोन दिवस आधीच गेलेले असतात. उरलेलेही गाडीत घालवले तर किनारा खिडकीतूनच पाहून परतावं लागतं. प्रवास जितका लांबचा, तितकं मुक्कामाचं गाव लहान असावं आणि तिथून पायीच हिंडावं, असं माझं म्हणणं आहे. त्यासाठी महाराष्ट्राच्या दक्षिण टोकाला, गोव्याच्या सीमेजवळ एक नेमकं गाव आहे: सिंधुदुर्ग जिल्ह्यातलं वेंगुर्ले.

वेंगुर्ल्याची वस्ती साधारण बारा हजार, पण नगरपरिषद १८७६ची. एवढ्याशा गावाला इतकी जुनी नगरपालिका का, याचं उत्तर बंदरात आहे. सतराव्या शतकात डचांनी इथे वखार घातली; १८१२ मध्ये सावंतवाडीच्या राणीकडून हे बंदर इंग्रजांकडे गेलं. आज वखारीच्या पडक्या भिंती उरल्या आहेत. बाजारपेठ, बंदर, दीपगृहाची टेकडी, मांडवी खाडीवरचा झुलता पूल आणि पलीकडचं नवाबाग हे सगळं एका दिवसात चालून होतं. पहिला दिवस त्यालाच द्यावा. पहाटे नवाबागच्या पुळणीवर, म्हणजे वाळूच्या किनाऱ्यावर, रापण (काठावरून ओढायचं मोठं जाळं) ओढली जात असेल तर थांबून पाहावं: दोन टोकांना दोन रांगा, पाय वाळूत रुतलेले, आणि जाळं काठाशी येईल तशा त्या रांगा एकमेकींकडे सरकत जातात. ताणलेला दोर ओलांडू नये, कामात आडवं येऊ नये. ‘खयसून इलात?’ असं कुणी विचारलंच तर नागपूर सांगावं. पुढच्या वाटेची खरी माहिती अशाच बोलण्यातून मिळते.

किनाऱ्यावरच्या चालीचं वेळापत्रक सुट्टीपेक्षा तिथीवर जास्त अवलंबून असतं, आणि बाहेरून येणारे नेमके इथेच चुकतात. ओहोटीला उघडी पडलेली ओली पुळण घट्ट असते, तिच्यावर तासनतास चालता येतं; भरतीला हाती उरते ती वरची भुसभुशीत वाळू, जिथे एक किलोमीटरही दमवतो. कोकणातला जुना आडाखा असा: तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की भरतीची साधारण वेळ निघते. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे भरती सकाळ-संध्याकाळ सहाच्या सुमारास आणि ओहोटी ऐन दुपारच्या उन्हात. चालण्यासाठी हा सर्वांत वाईट दिवस. पौर्णिमा-अमावास्येला भरती बाराच्या आसपास, म्हणून ओहोटी पहाटे. त्यानंतर ती रोज पाऊण ते एक तास पुढे सरकते. हा आडाखा मुंबईकडे जास्त जुळतो, दक्षिणेला भरती थोडी आधी येते. म्हणून तासाभराचं अंतर धरून चालावं आणि भरती-ओहोटीचं कोष्टक किंवा बंदरावरचा मच्छीमार यांच्याकडून खात्री करून घ्यावी. तरीही निष्कर्ष पक्का आहे: पौर्णिमा किंवा अमावास्येपासून चतुर्थीपर्यंतचे दिवस धरले तर सकाळचे सगळे उपयोगी तास ओहोटीचे मिळतात. एक सावधगिरी मात्र हवी. याच दिवसांत उधाणाची भरतीही सर्वांत उंच चढते, त्यामुळे खडकाळ टोकांच्या पायथ्याशी नऊनंतर रेंगाळू नये.

दुसऱ्या दिवशी नवाबागपासून दक्षिणेला उभादांडा आणि सागरेश्वरची पुळण धरावी, मोचेमाडच्या बाजूला जावं. तिथल्या खाडीचं मुख उथळ दिसलं तरी चालत ओलांडायचं नाही, कारण पाणी परततं तेव्हा त्याची ओढ पायाखालची वाळू काढून नेते. तिथून वर चढून रस्त्याला लागावं आणि एसटी किंवा रिक्षाने परतावं. तिसरा दिवस आरवली-शिरोड्याचा. आरवलीच्या वेतोबाला केळ्यांचा घड आणि चामड्याच्या भल्यामोठ्या चपला वाहतात. देव रात्री गावाच्या राखणीला फिरतो आणि त्या चपला झिजतात, अशी श्रद्धा आहे. शिरोड्याच्या मिठागरांत मे १९३० मध्ये सत्याग्रह झाला आणि याच गावच्या शाळेत वि. स. खांडेकर १९२० ते १९३८ शिकवत होते. वेळ उरला तर पुढे रेडीचा यशवंतगड आहे. उत्तरेकडच्या वायंगणीला ऑलिव्ह रिडले कासवं हिवाळ्यात अंडी घालतात. तिथे रात्री विजेरी घेऊन किनाऱ्यावर फिरू नये.

यावर पहिला आक्षेप अंतराचा, आणि तो खरा आहे. मिहानच्या दारातल्या शिवमडक्याहून समृद्धी महामार्ग सुरू होतो, पण ७०१ किलोमीटरनंतर तो भिवंडीजवळ आमण्याला संपतो; वेंगुर्ले तिथून आणखी दिवसभराच्या वाटेवर. नागपूर-मडगाव विशेष गाडी मिळाली तर कुडाळला उतरता येतं, पण तिलाही एका दिवसाहून जास्त लागतो. विमानाने गोव्यातलं मोपा किंवा सिंधुदुर्गातलं चिपी विमानतळ गाठणं सर्वांत सोपं. या सेवा बदलत असतात, म्हणून तिकीट काढण्याआधी चालू वेळापत्रक पाहावं. नेमकं हेच अंतर माझ्या म्हणण्याला बळ देतं. एवढा प्रवास केल्यावर रोज सामान बांधून पुढच्या गावी पळायला अंगात जोर उरत नाही. ज्याला दोनच दिवस मिळतात त्याने समुद्राचा हट्ट सोडून हीच रीत रामटेकला करून पाहावी: एक गाव, अंबाळा आणि खिंडसी तलाव, सगळं पायी.

दुसरा आक्षेप गडप्रेमींचा: चढ नाही तर ट्रेक कसला? या किनाऱ्यावर उंची नसली तरी हवा कस पाहते. नागपूरच्या कोरड्या उन्हात घाम लगेच वाळतो, म्हणून तर तिथे कूलर चालतो. कोकणातल्या दमट हवेत घाम अंगावरच राहतो, आणि बत्तीस अंशांतही नागपूरच्या माणसाला धाप लागते. म्हणून नोव्हेंबर ते फेब्रुवारी हाच काळ, दहाच्या आत चाल संपवायची आणि माणशी दोन-तीन लिटर पाणी सोबत हवंच. पावसाळ्यात समुद्रात उतरणं जिवावर बेतू शकतं, शिवाय जून-जुलैत यांत्रिक मासेमारी बंद असते. दोन पुळणींमधल्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या माळावर, चढताना पाणंदीनेच जावं. जांभ्याचा गडगा दिसला की पलीकडे कुणाची तरी आंब्या-काजूची बाग असते, आणि ती ओलांडायची तर विचारूनच. नॉर्वेत १९५७च्या कायद्याने कुणालाही पडीक रानातून चालण्याचा हक्क दिला आहे, घरापासून दीडशे मीटर लांब तंबूही टाकता येतो. आपल्याकडे असा हक्क नाही. इथली वाट गावाच्या परवानगीवर चालते.

तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर. असं लिहून लिहून लहान गावं गर्दीने बुजतील, त्यांचं काय? या प्रश्नावर वेंगुर्ल्याने स्वतःच काम करून दाखवलं आहे. मुख्याधिकारी रामदास कोकरे यांच्या काळात नगरपरिषदेने घरोघरी कचरा वेगळा करायला लावला, ओल्या कचऱ्यापासून बायोगॅस काढला, प्लॅस्टिकचे तुकडे करून रस्त्याच्या डांबरात घातले आणि जिथे आधी कचऱ्याचा ढीग होता ती जागा लोकांनी पाहायला यावी अशी केली. बारा हजारांच्या गावाला हे जमलं, कारण प्रत्येक घराने रोज हात लावला. पाहुण्याने तो हात आखडता घेतला तर सगळी घडी विस्कटते. दोन पिशव्या सोबत ठेवाव्या, एक ओल्याची, एक सुक्याची. त्या पुळणीवर न सोडता मुक्कामी आणाव्या आणि घरमालकाला विचारून योग्य डब्यात टाकाव्या. तीन रात्री एकाच घरी राहणारा पाहुणा हे करतो, कारण त्याला सकाळी त्याच माणसांना तोंड दाखवायचं असतं. तासाभरासाठी गाडीतून उतरणाऱ्यावर तसं बंधन नसतं.

म्हणून पुढचा बेत आखताना सुट्ट्यांच्या यादीआधी भिंतीवरच्या कॅलेंडरवर तिथी पाहा. नोव्हेंबर ते फेब्रुवारीत पौर्णिमा किंवा अमावास्या गुरुवार-शुक्रवारच्या आसपास येत असेल, तर त्याला जोडून चार-पाच दिवसांची रजा लगेच टाका.