स्वर्णरेखा : ‘ती’ की ‘तो’?

ग्वाल्हेरमधून कोणती नदी वाहते, असे मी मराठीच्या वर्गात विचारले. कुणीच बोलेना. ‘स्वर्णरेखा’ म्हटल्यावर एक मुलगी म्हणाली, “सर, तो तर नाला आहे!” तिची चूक नव्हती. सांडपाणी, काँक्रीटचा तळ आणि वर उभे राहणारे उड्डाणमार्गाचे खांब, एवढेच तिने पाहिले आहे.

मग त्या दिवशीचा धडा लिंगविचाराचाच झाला. नदी स्त्रीलिंगी, नाला पुल्लिंगी. नाम बदलले की सर्वनाम बदलते आणि सर्वनामाबरोबर भावही. ‘ती आटली’ म्हणताना हळहळ वाटते, ‘तो तुंबला’ म्हणताना नुसती चीड येते.

या ‘ती’शी आपले नाते जुने आहे. १८१० मध्ये दौलतराव शिंदे यांनी किल्ल्याच्या दक्षिणेस तळ दिला. त्या छावणीचेच पुढे ‘लष्कर’ शहर झाले आणि ते स्वर्णरेखेच्या दोन्ही काठांनी वाढले. जून १८५८ मध्ये राणी लक्ष्मीबाईंचा घोडा हिच्याच पाण्याशी अडला, असे परंपरा सांगते. त्यांची समाधी जवळच, फूलबागेत आहे. आज शहराची तहान सांक नदीवरचे तिघरा धरण भागवते. म्हणून स्वर्णरेखेचा विसर पडणे सोपे झाले.

मी स्वाध्याय दिला : घरच्या वडीलधाऱ्यांना विचारून स्वर्णरेखेवर पाच वाक्ये लिहा, सर्वनाम ‘ती’ वापरा. त्याच मुलीने लिहून आणले, “आजी म्हणते, पावसाळ्यात ती दुथडी भरून वाहायची.”

शिक्षकांनी आपापल्या गावच्या प्रवाहावर हा स्वाध्याय जरूर करून पाहावा.