अनुक्रमांची जुळवणी आणि बॉम्बे रक्तगट

१९५२ साली डॉ. वाय. एम. भेंडे व त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत आढळलेल्या एका अपरिचित रक्तगटाची नोंद ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केली. तोच आज ‘बॉम्बे रक्तगट’ म्हणून जगभर ओळखला जातो. भारतात साधारणतः दहा हजारांत एका व्यक्तीत तो आढळतो, असे मानले जाते. २०११ च्या जनगणनेत मीरा-भाईंदरची लोकसंख्या आठ लाखांहून अधिक होती. त्या हिशेबाने आपल्याच शहरात अशा सुमारे ऐंशी व्यक्ती असाव्यात.

या रक्तगटाचे मूळ ‘फुट-१’ या जनुकात आहे. हे जनुक म्हणजे ए, टी, जी, सी या चार अक्षरांत लिहिलेला संदेश होय. त्याचा प्रथिन घडविणारा भाग १०९८ अक्षरांचा आहे. सामान्य व्यक्तीचा अनुक्रम आणि बॉम्बे रक्तगटाच्या व्यक्तीचा अनुक्रम यांतील साम्य मोजायचे कसे? क्लॉड शॅनन यांनी १९४८ साली मांडलेला माहिती सिद्धांत येथे उपयोगी पडतो. चारांपैकी एक अक्षर कळविण्यास दोन बिट लागतात. म्हणजे संपूर्ण संदेशास २१९६ बिट. परंतु सामान्य अनुक्रम आधीच हाताशी असेल, तर केवळ फरक कळविला तरी पुरते. भारतातील बॉम्बे रक्तगटाच्या अनेक व्यक्तींत ७२५ व्या स्थानी ‘टी’ऐवजी ‘जी’ असते. स्थान सांगण्यास अकरा बिट, नवे अक्षर सांगण्यास दोन, एकूण तेरा. एक अनुक्रम ठाऊक असताना दुसरा जितक्या थोडक्यात सांगता येतो, तितके त्यांचे नाते जवळचे. असंबंधित अनुक्रमांतही चारांत एक अक्षर योगायोगाने जुळतेच, परंतु त्या जुळण्याने संदेश आखूड होत नाही. आमच्या मते नुसती जुळलेली अक्षरे मोजण्यापेक्षा ही कसोटी अधिक विश्वसनीय आहे.

अक्षर गळाले असेल तर? दहिसर, मीरा रोड, भाईंदर, नायगाव, वसई रोड ही यादी दोनदा लिहून दुसरीतून मीरा रोड वगळावे. ओळीस ओळ लावली तर दहिसरनंतर एकही नाव जुळत नाही. एक जागा रिकामी सोडताच सर्व नावे जुळतात. जुळवणी ती हीच. मात्र प्रत्येक रिकाम्या जागेचे स्थान कळविण्यासही बिट खर्ची पडतात. म्हणून त्या मनमानीपणे सोडता येत नाहीत. बॉम्बे रक्तगटाच्या भारतीय व्यक्तींत शेजारच्या ‘फुट-२’ जनुकाचा सुमारे दहा हजार अक्षरांचा तुकडाच पुष्कळदा गळालेला असतो. तोही एकच रिकामी जागा सोडून थोडक्या बिटांत सांगता येतो.

या मोजमापाची मर्यादा मात्र मोठी आहे. तेरा बिटांचा तो फरक प्रथिनातील २४२ व्या स्थानी ल्युसिनऐवजी आर्जिनिन आणतो. प्रथिन निकामी होते आणि तांबड्या पेशींवर ‘एच’ हा प्रतिजन तयार होत नाही. ‘ए’ व ‘बी’ हे प्रतिजन त्याच्याच पायावर उभे राहतात, म्हणून नेहमीच्या पेशीतपासणीत असे रक्त ‘ओ’ गटाचे भासते. पण या व्यक्तींच्या रक्तद्रवात ‘एच’विरोधी प्रतिपिंडे असतात आणि ‘ओ’ गटाच्या पेशींवर ‘एच’ सर्वाधिक असतो. अशा रुग्णास ‘ओ’ रक्त दिल्यास ते जिवावर बेतू शकते. त्याला बॉम्बे गटाचेच रक्त चालते. रुग्णाचा रक्तद्रव ‘ओ’ पेशींशी लावून पाहिला की ही बाब उघड होते.

कुटुंबात एक व्यक्ती या गटाची निघाल्यास सख्ख्या भावंडांची तपासणी अवश्य करून घ्यावी. आईवडील दोघेही वाहक असल्यास प्रत्येक भावंडात हा गट असण्याची शक्यता चारांत एक असते, आणि रक्ताची गरज पडल्यास जुळणारा दाता घरातच सापडू शकतो.