ऊन, पाणी आणि हायड्रोजन : खरे किती, पोकळ किती?

मागच्या पावसाळ्यानंतर आमच्या भागातील आठवड्याच्या बाजारात एक विक्रेता आला होता. त्याच्याजवळ काचेचे एक भांडे, थोडी पिवळसर भुकटी आणि छापील पत्रके होती. "ही भुकटी पाण्यात टाका, भांडे उन्हात ठेवा आणि चुलीचा गॅस घरीच तयार करा," असे तो सांगत होता. नोंदणीसाठी त्याला दोन हजार रुपये आगाऊ हवे होते. आमच्या ओळखीच्या एका शेतकरी बंधूंनी पैसे भरण्यापूर्वी आम्हांला विचारले, "ह्यात काही तथ्य आहे का हो?" आम्ही म्हणालो, तथ्य आहे, पण तो सांगतो तेवढे नव्हे. ते तथ्य कोणते, ते समजून घेण्यासाठी आजचा हा पाठ.

शेतकऱ्याचा हायड्रोजनशी संबंध काय?

आपण पिकाला युरिया घालतो. युरिया अमोनियापासून बनतो आणि अमोनिया हा हवेतील नायट्रोजन व हायड्रोजन ह्यांच्या संयोगाने बनतो. ४५ किलोच्या एका गोणीसाठी निदान साडेचार किलो हायड्रोजन लागतो. आपल्या देशात हा हायड्रोजन मुख्यतः नैसर्गिक वायूपासून काढतात आणि त्या वायूचा मोठा भाग परदेशातून आणावा लागतो. म्हणून दूरच्या देशात युद्ध पेटले की आपल्या खताच्या हिशेबावर ताण पडतो. हाच हायड्रोजन ऊन व पाणी ह्यांपासून मिळाला, तर मोठीच सोय होईल. केंद्र सरकारने जानेवारी २०२३ मध्ये राष्ट्रीय हरित हायड्रोजन अभियान मंजूर केले, त्यामागे हाही एक विचार आहे.

पाणी स्वस्त, पण ते फोडणे महाग

पाणी हायड्रोजन व प्राणवायू ह्यांचे बनलेले आहे. ९ लिटर पाण्यातून १ किलो हायड्रोजन आणि ८ किलो प्राणवायू मिळतो. मात्र हे दोघे एकमेकांना घट्ट धरून असतात. त्यांना वेगळे करणे म्हणजे दगड डोंगरावर चढविणे होय, आणि हायड्रोजन जाळणे म्हणजे तोच दगड खाली सोडणे होय. दगड खाली येताना, वर चढविण्यास लागले त्याहून अधिक बळ कधीच देत नाही. विजेने पाणी फोडावयाचे तर १ किलो हायड्रोजनसाठी सुमारे ५० ते ५५ युनिट वीज लागते. तोच हायड्रोजन जाळला तर सुमारे ३३ युनिटांइतकी उष्णता हाती येते. म्हणून "केवळ पाण्यावर चालणारे इंजिन" असे कोणी म्हणाले, की ते खोटे समजावे. पाणी हे इंधन नव्हे. पाणी फोडण्याची किंमत कोणीतरी मोजावीच लागते.

ती किंमत ऊन मोजू शकेल काय? होय, मोजू शकते. जपानचे फुजिशिमा आणि होंडा ह्या दोन शास्त्रज्ञांनी १९७२ मध्ये हे जगापुढे मांडले. पांढऱ्या रंगात वापरतात त्या टायटॅनियम डायॉक्साइडवर त्यांनी पाण्यात प्रकाश पाडला आणि पाणी फुटू लागले. अडचण एवढीच की, हा पदार्थ फक्त अतिनील किरण घेतो, आणि उन्हात ते शेकडा चार-पाच भागच असतात.

छिद्रे कशासाठी?

प्रकाश अशा पदार्थावर पडला की आतील इलेक्ट्रॉन जागचा उठतो आणि त्याची जागा रिकामी होते. उठलेला इलेक्ट्रॉन पृष्ठभागावर पोहोचला तर पाण्यातून हायड्रोजन काढतो. रिकामी जागा पृष्ठभागी पोहोचली तर प्राणवायू सुटतो. पण वाट लांब असली, तर इलेक्ट्रॉन मध्येच आपल्या जागी परत पडतो आणि ऊन वाया जाते.

येथे छिद्रे उपयोगी पडतात. माठ पाझरतो तो त्याच्या बारीक छिद्रांमुळे. जांभा दगडही असाच छिद्रांनी भरलेला असतो. पदार्थ असा सच्छिद्र असला की त्याच्या भिंती पातळ होतात, इलेक्ट्रॉनची वाट आखूड होते, आणि पाणी आतपर्यंत जाऊन अधिक पृष्ठभागाला भिडते. धातू व सेंद्रिय रेणू जोडून केलेल्या जाळीदार पदार्थांत तर ही छिद्रे रेणूएवढी बारीक असतात. १९९९ मध्ये बनविलेल्या अशा एका पदार्थाच्या एका ग्रॅममध्ये सुमारे २,९०० चौरस मीटर, म्हणजे जवळजवळ २९ गुंठे पृष्ठभाग भरला! ह्या जातीच्या पदार्थांवरील कामासाठी कितागावा, रॉब्सन आणि याघी ह्यांना २०२५ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

त्या विक्रेत्याची पिवळसर भुकटीही अगदीच कल्पनेतली नसावी. कार्बन नायट्राइड नावाची अशी एक भुकटी आहे. ती दिसणाऱ्या प्रकाशाचाही काही भाग घेते आणि पाण्यातून हायड्रोजन काढू शकते, हे २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. युरिया सुमारे ५५० अंश सेल्सिअसला तापवूनही ती बनते, आणि आतले वायू निसटताना तिला छिद्रे पडतात. परंतु कोणीही हा प्रयोग घरी करू नये. त्यातून अमोनिया व इतर घातक वायू निघतात, ते डोळ्यांना व छातीला अपाय करतात.

छिद्रांचे तोटेही आहेत. पुष्कळसे जाळीदार पदार्थ पाण्यात फार काळ टिकत नाहीत. बारीक छिद्रांत वायूचे बुडबुडे अडकतात. शिवाय भुकटी पाण्यात सोडली की हायड्रोजन आणि प्राणवायू एकत्रच बाहेर पडतात, आणि हे मिश्रण ठिणगी लागताच स्फोट पावते.

एका गुंठ्याचा हिशेब

आता हिशेब करू या. टोकियो विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी काचेवर भुकटीचा थर बसवून १०० चौरस मीटरचा, म्हणजे सुमारे एका गुंठ्याचा सांचा उघड्यावर अनेक महिने चालविला. २०२१ मध्ये त्यांनी त्याची माहिती प्रसिद्ध केली. त्यात उन्हातील शक्तीचा जास्तीत जास्त ०.७६ टक्के भाग हायड्रोजनमध्ये उतरला. आपल्याकडे चांगल्या दिवशी एका चौरस मीटरवर सुमारे ५ युनिट ऊन पडते असे धरू. म्हणजे गुंठ्यावर ५०० युनिट. त्याचे ०.७६ टक्के म्हणजे ३.८ युनिट, अर्थात सुमारे ११५ ग्रॅम हायड्रोजन. युरियाच्या एका गोणीपुरता हायड्रोजन जमण्यास सुमारे ४० दिवस लागतील. १४.२ किलोच्या सिलिंडरइतकी उष्णता हवी असेल तर दीड महिन्याहून अधिक.

त्याच गुंठ्यावर नेहमीची सौर पॅनेले बसवून त्यांच्या विजेने पाणी फोडले, तर दिवसाला दोन किलोच्या आसपास हायड्रोजन मिळू शकतो. मग भुकटीचा पाठपुरावा कशाला? कारण पुढे कार्यक्षमता वाढली तर भुकटीचे काम फार स्वस्तात होईल अशी आशा आहे. ते संशोधन चालू राहावे, पण त्यासाठी आपण आज आगाऊ पैसे देण्याचे कारण नाही.

विचारावयाचे चार प्रश्न

अशी बातमी वाचली किंवा विक्रेता दारी आला, तर हे प्रश्न विचारावे :

१. पाणी साधे होते की त्यात दुसरे रसायन घातले होते? प्रयोगशाळेत पुष्कळदा दुसरे रसायन खर्ची घालून हायड्रोजन वाढविलेला असतो. कार्बन नायट्राइडच्या त्या प्रयोगातही तसेच होते.

२. प्रयोग खऱ्या उन्हात झाला की दिव्याखाली?

३. उन्हाचा शेकडा किती भाग हायड्रोजनमध्ये उतरला?

४. किती दिवस चालले, आणि दोन्ही वायू वेगळे कसे केले?

चौथा प्रश्न जिवाचा आहे. हायड्रोजनला वास नाही आणि दिवसा त्याची ज्योत डोळ्यांना जवळजवळ दिसत नाही. हवेत तो शेकडा ४ ते ७५ भाग असला तरी पेट घेतो. असले भांडे स्वयंपाकघरात ठेवणे म्हणजे लेकराबाळांच्या उशाशी सुरुंग ठेवण्यासारखे आहे.

आमच्या त्या बंधूंनी हे चारही प्रश्न कागदावर लिहून नेले. विक्रेत्याने पहिल्याच प्रश्नाला विषय बदलला. बंधूंनी दोन हजार रुपये खिशातच ठेवले आणि शेतातल्या मातीची तपासणी करून घेतली. कोणत्या तुकड्याला युरिया कमी चालेल, ते त्यांना त्यातून कळले. वाचवलेली गोणी ही आजच्या घडीला सर्वांत स्वस्त मिळणारा हायड्रोजन आहे, हे आपण सर्वांनी ध्यानात ठेवावे.