मुद्रेची वाणी : कार्यप्रमुखांसाठी एक पाठ

शब्द मोजून बोलावेत, हे आपण बालपणापासून ऐकत आलो आहोत. परंतु चार माणसांचे काम पाहण्याची जबाबदारी ज्याच्याकडे आहे, त्याचे बोलणे केवळ जिभेने होत नाही. ते डोळ्यांनी, भुवयांनी, हातांनी आणि बसण्याच्या रीतीनेही होत असते. एखाद्याची चूक त्याच्या पदरात घालावयाची असते, त्या वेळी तर शब्दांच्या आधी मुद्राच बोलून जाते.

वाल्मीकिरामायणाच्या किष्किंधाकांडात हनुमंत भिक्षूच्या वेषाने राम-लक्ष्मणांस भेटतो. संशयग्रस्त सुग्रीवाने त्याला पाठविलेले असते. म्हणजे प्रसंग अवघडच. श्रीराम त्याच्या शुद्ध वाणीची प्रशंसा करितात. पण बोलताना मुख, नेत्र, ललाट, भ्रुकुटी यांत कोठेही दोष दिसला नाही, हेही आवर्जून सांगतात. गीतेच्या सतराव्या अध्यायात वाणीच्या तपात दुसऱ्यास उद्वेग न देणारे भाषण सांगितले आहे, तर मनाच्या तपात प्रसन्नता, सौम्यत्व व मौन यांची गणना केली आहे. तात्पर्य, सौम्य मुद्रा हा अभिनय नव्हे. ती अंतःकरणाची साधना होय.

येथे आमच्या पाहण्यातील एक प्रसंग सांगतो. एका संस्थेच्या हिशेबात तूट आली. जुन्या कारकुनास बोलावून पाच जणांपुढे उभे केले. प्रमुख खुर्चीत रेलून पेन्सिल टेबलावर आपटीत होते आणि मधूनमधून घड्याळ पाहत होते. शब्द मात्र सभ्य होते. कारकुनाने मान खाली घातली, त्याचा आवाज कापू लागला. त्या पाचांत आम्हीही होतो. आणि खाली मान म्हणजे कबुलीच, असे आम्हीही मनात धरले. दुसऱ्या दिवशी वही तपासता एका पानाची खर्चाची बेरीज दोनदा पुढे ओढलेली आढळली. पैसा कोठेच गेला नव्हता. तो गृहस्थ कामावर येत राहिला. पण पुन्हा कधी आमच्यासमवेत चहाला बसला नाही.

या प्रसंगातून दोन गोष्टी शिकावयाच्या आहेत. पहिली, आपल्या मुद्रेवर लक्ष ठेवावे. असे बोलणे एकांतात करावे. समोरच्यास बसावयास सांगावे. शक्य तर मध्ये टेबल ठेवू नये. हातातील कागद व दूरध्वनी बाजूस ठेवावेत. दृष्टी समोरच्याकडे असावी, परंतु रोखलेली नसावी. आवाज खालच्या पट्टीत, गती मंद. प्रश्न विचारल्यावर उत्तरासाठी थांबावे. ती शांतता आपण भरून काढू नये.

दुसरी, दुसऱ्याच्या मुद्रेवरून निवाडा करू नये. आपल्याकडे वडीलधाऱ्यांपुढे नजर खाली ठेवणे हा आदर समजला जातो. भीतीनेही आवाज कापतो. चार्ल्स बाँड व बेला डीपाउलो या अमेरिकन संशोधकांनी 2006 साली अनेक प्रयोगांचे निष्कर्ष एकत्र केले. खरे कोण व खोटे कोण, हे ओळखण्याचे लोकांचे अंदाज शंभरांत सुमारे 54 वेळाच बरोबर ठरले. नाणे उडवूनही 50 साधतात! तसेच संभाषणात शब्दांचा वाटा शेकडा सातच, असे जे सर्रास सांगितले जाते, तेही यथार्थ नाही. आल्बर्ट मेहराबियन यांच्या 1967 मधील प्रयोगांचा विषय आवडनिवड व भावना एवढाच होता. हिशेबाचा खुलासा शब्दांनी आणि वहीनेच व्हावयाचा.

युद्धकांडात बिभीषण शरण आला, तेव्हा सुग्रीवाने शंका घेतली. त्याचे मुख प्रसन्न आहे, वाणीत दुष्टता दिसत नाही, असे हनुमंताने सांगितले. म्हणजे मुद्रेची साक्ष निघाली ती विश्वासाच्या बाजूने, दंडासाठी नव्हे. आणि श्रीरामांनी अभय दिले, ते तर शरणागतास न टाकण्याच्या आपल्या व्रताला स्मरून.

तेव्हा वाचकहो, येत्या पंधरवड्यात कोणास बोलावून काही कटू सांगण्याची वेळ आली, तर दार उघडण्यापूर्वी क्षणभर थांबून स्वतःस विचारावे : आपण शोधावयास बसलो आहोत, की दंड द्यावयास? याचे उत्तर समोरच्यास आपल्या मुद्रेवर आधीच वाचता येणार आहे.