फ्रिजचे रबर : लहान दोष, मोठे नुकसान

दूध, मांस, मिठाई विकणाऱ्या आपल्या दुकानदार बांधवांचे बरेच भांडवल फ्रिजमध्ये असते. थंडपणा कमी झाला की गॅस संपला असे धरून आपण मिस्त्री बोलावतो. आमच्या शेजारच्या दूधवाल्याने असाच गॅस भरून घेतला. तरी दूध नासतच राहिले. दोष दाराच्या रबरात होता.

हे रबर, म्हणजे गॅस्केट, मऊ प्लॅस्टिकचे असून त्याच्या पोटात चुंबकाची पट्टी असते. तीच दाराला पत्र्याशी चिकटवून धरते. रबर फाटले, कडक झाले किंवा दबले की बाहेरची दमट हवा आत शिरते. मग बर्फ दाटतो, कडेला पाणी सुटते, कॉम्प्रेसर थांबत नाही आणि विजेचे बिल वाढते.

परीक्षा सोपी आहे. कागदाची पट्टी दारात धरून दार लावा व पट्टी ओढा. जिथे ती सहज निसटेल, तिथे दोष. चारही बाजूंनी पाहा.

दुरुस्तीपूर्वी प्लग काढा. साबणाच्या कोमट पाण्याने रबर व समोरचा पत्रा पुसा. पुष्कळदा मळ हेच कारण असते. दबलेल्या जागी गरम पाण्यात पिळलेले फडके धरा आणि नरम झालेले रबर बोटांनी उचला. फाटलेले रबर मात्र बदलावेच.

नवे रबर मॉडेल नंबर सांगून घ्या. नाहीतर चारही बाजूंचे माप व जुन्याचा तुकडा न्या. घड्या असतील तर गरम पाण्यात ठेवा. जुन्या फ्रिजमध्ये रबराची कड उचलली की स्क्रू दिसतात. ते ढिले करा, सर्व एकदम काढू नका; दार पिळते. नव्या फ्रिजमध्ये बहुधा रबर खाचेत दाबून बसते. आधी चार कोपरे बसवा, मग मधला भाग. स्क्रू आळीपाळीने, थोडेथोडे आवळा. पुन्हा कागदाची परीक्षा घ्या. फट राहिलीच तर बिजागरी तपासा. आत थर्मामीटर ठेवा. तापमान 5 अंशांवर जाऊ देऊ नका.

प्रेषित मुहम्मद (स.) यांनी बाजारात धान्याच्या राशीत हात घातला, तेव्हा आत ओल लागली. ओले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाही, अशी विचारणा त्यांनी केली. उतरलेले दूध खपविणे, फाटके रबर लपवून जुना फ्रिज विकणे, किंवा आम्हा कापडवाल्यांनी डाग ठाणाच्या आतल्या घडीत दडविणे, ही सारी तीच ओल आहे. रबर बदलायला थोडा खर्च येतो. गिऱ्हाइकाचा गेलेला भरवसा मात्र पैशाने परत येत नाही.